हरवलेले ११५ घोडे : अमेरिकन मसल कार आणि आठवणींचा पुरावा



तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट नाहीतर नेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहिताय. या टप्प्यावर एक अडचण जवळजवळ सगळ्यांना येते. वाचलेल्या साहित्यातलं कुठलं विधान तपासून घ्यायचं आणि कुठलं तसंच धरून चालायचं, हे कळत नाही. त्यातून एखादं विधान खूप लोकांच्या आठवणीत पक्कं बसलेलं असेल तर ते तपासायचं असतं हेच आपण विसरतो. आज त्यासाठी एक उदाहरण सविस्तर घेऊ. विषय थोडा लांबचा आहे, पण आकडे स्वच्छ आहेत आणि वहीपेनाशिवाय काही लागणार नाही.

विषय आहे अमेरिकेतल्या मसल कारचं स्मरणरंजन.

मसल कार म्हणजे काय, तर मध्यम आकाराच्या, परवडणाऱ्या गाडीत भलंमोठं व्ही-८ इंजिन बसवलेली मोटार. साधारण १९६४ ते १९७२ हा यांचा काळ मानतात. तेव्हा विशीत असलेल्या अमेरिकनांच्या तोंडून या गाड्यांबद्दल तीन वाक्यं हमखास निघतात. एक, तेव्हाच्या गाड्यांत खरी ताकद होती, १९७२ मध्ये ती एकदम गेली. दोन, ती सरकारी नियमांनी आणि अरबांच्या तेलबंदीनं घालवली. तीन, तेव्हा गल्लीतला प्रत्येक पोरगा असली गाडी घेऊन हिंडायचा.

ही तीन वाक्यं खरी की खोटी, हा वाद आपण घालणार नाही. त्यांना तीन परिकल्पना समजू आणि एकेक तपासू.

आधी गाडीची ओळख

जनरल मोटर्स कंपनीचा तेव्हा एक अंतर्गत नियम होता. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. १९६३ च्या सुरुवातीला कंपनीनं आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींतूनही बाहेर काढलं. पाँटियाक हा विभाग तोवर शर्यतींवरच नाव कमावत होता. तिथल्या जॉन डीलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नियमातली फट शोधली. नवीन गाडी काढली तर वरिष्ठांची मंजुरी लागते, पण जुन्याच गाडीवर 'जादा साहित्य' दिलं तर लागत नाही. मग १९६४ च्या टेंपेस्ट लमाँ या गाडीवर ३८९ घनइंचांचं इंजिन 'ऑप्शन' म्हणून मिळायला लागलं. नाव दिलं जीटीओ, तेही फेरारीकडून उचललेलं. पाच हजार खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर खपल्या.

३८९ घनइंच म्हणजे साधारण ६,३७५ सीसी. आपल्या मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं होतं. एका बॉनेटखाली आठ मारुती, असं समजा.

आता एक गोष्ट नोंदवून ठेवा. त्या काळच्या अमेरिकन मासिकांत या गाड्यांना बऱ्याचदा 'सुपरकार' म्हणत. 'मसल कार' हे नाव सर्रास रूढ झालं ते नंतर. म्हणजे ज्या नावानं आपण तो काळ आठवतो, ते नावच बरंचसं मागाहून चिकटलेलं आहे. जुन्या मासिकांत नुसतं 'मसल कार' शोधाल तर हाती कमी लागेल आणि 'तेव्हा यांची चर्चाच नव्हती' असा उलटाच निष्कर्ष निघेल. शोधशब्द हे त्या काळचे वापरायचे, आपल्या काळचे नाहीत.

पहिली परिकल्पना : ताकद एकदम गेली

हे तपासायला आकडे लागतात, आणि आकडे म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा : हा आकडा कोणी, कशासाठी आणि कसा मोजला?

'कोणी' आणि 'कशासाठी' याचा एक मासला बघा. मार्च १९६४ च्या 'कार अँड ड्रायव्हर' मासिकानं पाँटियाक जीटीओ विरुद्ध फेरारी जीटीओ असा लेख छापला. मुखपृष्ठावर दोन्ही गाड्यांचं चित्र होतं. प्रत्यक्षात दोघींची शर्यत झालीच नव्हती, कारण फेरारी मिळालीच नाही. पाँटियाकनं शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठला, असं मासिकानं छापलं. त्या आकड्यानं गाडीचं नशीब उजळलं. पुढे पाँटियाकच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या जिम वँगर्सनं आपल्या आठवणींच्या पुस्तकात कबूल केलं, की मासिकाला दिलेल्या गाडीत ३८९ चं नाही, ४२१ घनइंचांचं इंजिन होतं. समकालीन आहे, छापील आहे, आकडेवारीसह आहे, आणि तरीही पुरावा म्हणून कच्चा आहे. प्राथमिक साधन म्हटलं की डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो तो यासाठी.

उलट्या बाजूनंही फसवाफसवी चालायची. १९६० च्या दशकाच्या शेवटी विमा कंपन्या जास्त अश्वशक्तीच्या गाड्यांना, त्यातही तरुण चालकांना, जबर हप्ता लावू लागल्या. शर्यतींतले गटही अश्वशक्तीवर ठरत. मग कंपन्या मुद्दाम कमी आकडा सांगत. शेवरोलेनं कमॅरो झेड/२८ च्या ३०२ घनइंची इंजिनाची शक्ती २९० सांगितली, फोर्डनं ४२८ कोब्रा जेटची ३३५. दोन्ही इंजिनं त्यापेक्षा दांडगी होती, हे तेव्हाच्या जाणकारांना ठाऊक होतं. आकडा फुगवायला कारण होतं, तसंच दाबायलाही कारण होतं.

आता 'कसा मोजला' याकडे येऊ. आपल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

१९७१ पर्यंत अमेरिकेत छापली जायची ती 'ग्रॉस' अश्वशक्ती. इंजिन गाडीतून बाहेर, चाचणीच्या ठोकळ्यावर ठेवायचं. एअर क्लीनर काढायचा, पंखा आणि आल्टरनेटरचा भार काढायचा, सायलेन्सरऐवजी मोकळे पाइप लावायचे आणि मग जास्तीत जास्त किती शक्ती निघते ते मोजायचं. १९७२ च्या मॉडेलांपासून 'नेट' अश्वशक्ती छापली जाऊ लागली. तेच इंजिन, पण गाडीत असताना त्याच्या अंगावर जे जे असतं ते सगळं लावून मोजलेलं. पैलवानाचं वजन आधी ओले कपडे आणि जोड्यांसकट करत होते, आता लंगोटावर करू लागले, असा हा फरक. पैलवान तोच, काट्यावरचा आकडा खाली.

शेवरोलेचं एलटी-१ हे ३५० घनइंची इंजिन घेऊ. कॉर्वेटमध्ये ते १९७० ते १९७२ अशी तीन वर्षं मिळत होतं आणि कमॅरो झेड/२८ मध्येही तेच बसायचं. कॉर्वेटचे आकडे असे आहेत :

१९७० : ३७० ग्रॉस
१९७१ : ३३० ग्रॉस आणि २७५ नेट
१९७२ : २५५ नेट

आठवण सांगते, 'तीनशे सत्तरचे दोनशे पंचावन्न झाले, ११५ घोडे गेले.' आकडे खरे, वजाबाकीही बरोबर. पण १९७१ साली जनरल मोटर्सनं दोन्ही आकडे छापले होते आणि आपल्या दृष्टीनं ते वर्ष सोन्यासारखं आहे. त्याच्या मदतीनं ११५ चे तीन तुकडे करता येतात.

३७० ग्रॉसचे ३३० ग्रॉस झाले, म्हणजे ४० खरोखर कमी झाले. ३३० ग्रॉस आणि २७५ नेट हे एकाच वर्षीच्या एकाच इंजिनाचे आकडे आहेत, म्हणजे मधले ५५ कुठेच गेले नाहीत, फक्त मोजायची रीत बदलली. २७५ नेटचे २५५ नेट झाले, म्हणजे आणखी २० खरोखर कमी. चाळीस, पंचावन्न, वीस. बेरीज ११५.

जवळजवळ निम्मे घोडे कधी हरवलेच नव्हते. ते फक्त कागदावरून गेले.

आपल्याकडे २०१० साली दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं, तेव्हा अनेक घरांत टक्क्यांचे वाद झाले. त्या वर्षीचे टक्के आणि आधीच्या वर्षीचे टक्के शेजारी ठेवून 'मुलं एकदम हुशार झाली' असं कोणी म्हणालं, तर तुम्ही लगेच हरकत घ्याल. इथेही हरकत तीच घ्यायची.

एक मोह मात्र टाळा. 'चला, ग्रॉसचे १७ टक्के वजा केले की नेट मिळालं' असं सूत्र बनवायला जाऊ नका. एलटी-१ मध्ये हा फरक १७ टक्के येतो. पण त्याच १९७१ च्या कॉर्वेटमधलं साधं ३५० घनइंची इंजिन ग्रॉस मापानं २७० होतं आणि नेट मापानं २१०, म्हणजे २२ टक्के फरक. प्रत्येक इंजिनाचं श्वास घेणं आणि सोडणं वेगळं, म्हणून फरकही वेगळा. जिथे दोन्ही मापं एकाच वस्तूवर घेतलेली आहेत, तिथेच तुलना भरवशाची. आपल्या विषयातही दोन पद्धती काही काळ शेजारी चालल्या असतील, तर तो काळ आधी शोधा.

मग ते खरे चाळीस कुठे गेले?

अर्धी ताकद कागदावर गेली असं म्हणून थांबलो तर आपणही एकतर्फीच ठरू. चाळीस घोडे खरोखर गेले, आणि का गेले ते बघण्यासारखं आहे.

१९७० च्या एलटी-१ चं कॉम्प्रेशन ११ ला १ होतं, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण मूळच्या अकराव्या हिश्श्यापर्यंत दाबलं जायचं. १९७१ मध्ये ते ९ ला १ वर आणलं. जास्त दाबलं तर जास्त शक्ती मिळते, पण मिश्रण ठिणगी पूर्ण पसरायच्या आतच ठिकठिकाणी भडकतं आणि इंजिन ठोके मारतं. हे टाळायला पेट्रोलात टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं संयुग, मिसळत. त्याचा हा गुण १९२१ मध्ये थॉमस मिजली यानं शोधला होता, तोही जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत. पन्नास वर्षांनी त्याच कंपनीचा अध्यक्ष एड कोल यानं ठरवलं, की १९७१ पासूनची इंजिनं कमी ऑक्टेनच्या, शिसं नसलेल्या पेट्रोलवर चालली पाहिजेत. कारण धूर स्वच्छ करायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवावा लागणार हे दिसत होतं, आणि शिसं त्या कन्व्हर्टरला निकामी करतं. ३१ डिसेंबर १९७० ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या कायद्यावर सही केली. १९७५ च्या मॉडेलांपासून कन्व्हर्टर सर्रास आले आणि शिसंविरहित पेट्रोलचा खप वाढत गेला.

याचा परिणाम अश्वशक्तीच्या तक्त्यात दिसणार नाही, दुसरीकडे दिसतो. १९७६ ते १९८० दरम्यान अमेरिकेत झालेल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत लोकांच्या रक्तातल्या शिशाचं सरासरी प्रमाण दर डेसिलिटरला १४.६ मायक्रोग्रॅमवरून ९.२ वर आलेलं आढळलं. चार वर्षांत ३७ टक्के घट. शिसं मुलांच्या वाढत्या मेंदूला अपाय करतं, तेही अगदी थोड्या मात्रेत. आता ते चाळीस घोडे पुन्हा डोळ्यांपुढे आणा. ते 'सरकारनं घालवले' हे वाक्य अर्धं आहे. त्यांच्या बदल्यात काय मिळालं, ते वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात यायला हवं, आणि स्मरणरंजनात ते अर्धं नेमकं गळून पडतं. नुसत्या चुकीच्या आकड्यापेक्षा हे जास्त गंभीर आहे. कारण 'नियमांनी चांगलं ते मारलं' हा धडा लोक भूतकाळातून उचलतात आणि आजच्या निर्णयांना लावतात.

दुसरी परिकल्पना : तेलबंदीनं मारलं

इथे फक्त तारखा मांडायच्या. अरब देशांची तेलबंदी ऑक्टोबर १९७३ मध्ये सुरू झाली. ताशी ५५ मैलांच्या देशव्यापी वेगमर्यादेवर सही झाली जानेवारी १९७४ मध्ये. आता जीटीओचा खप बघू. १९६६ मध्ये जवळपास ९७ हजार, तो कळस. १९७० मध्ये सुमारे ४० हजार. १९७१ मध्ये साडेदहा हजार. १९७२ मध्ये सहा हजारांच्या आत. १९७३ मध्ये पाच हजारांच्या आत, आणि त्या मॉडेलचं वर्ष तेलबंदीच्या आधीच संपत आलेलं होतं. प्लिमथ रोड रनर या दुसऱ्या कंपनीच्या गाडीचीही तीच कथा : १९६९ मध्ये ८० हजारांवर, १९७१ मध्ये १५ हजारांच्या आत. क्रायस्लरचं नावाजलेलं ४२६ हेमी इंजिन १९७१ नंतर बंदच झालं.

कार्य आधी आणि कारण मागाहून, असं होत नाही. तेलबंदी आली तेव्हा रोगी अंथरुणाला खिळून दोन वर्षं झाली होती.

कोणी चौकस परीक्षक लगेच विचारेल, की १९७० च्या सप्टेंबरपासून जनरल मोटर्समध्ये ६७ दिवसांचा संप होता, १९७१ चा आकडा त्यामुळेच पडला नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे. संपाचा फटका बसलाच असणार. पण संप मिटल्यावर खप परत वर यायला हवा होता. तो १९७२ आणि १९७३ मध्ये आणखी खाली गेला. शिवाय रोड रनर बनवणाऱ्या क्रायस्लरमध्ये तो संप नव्हताच. म्हणजे संपाला थोडा वाटा द्यायचा, सगळा नाही. तुमच्या प्रबंधात असा पर्यायी खुलासा परीक्षकानं काढायच्या आधी तुम्हीच काढलेला बरा.

मग खप पडला कशानं? एका कारणावर बोट ठेवता येत नाही. विम्याचे हप्ते होते, व्हिएतनामला जाणारी तरुण पोरं होती, येऊ घातलेले धुराचे नियम होते, स्वस्त आणि छोट्या गाड्यांकडे वळलेली गिऱ्हाइकं होती. आठवणीला मात्र एकच खलनायक सोयीचा असतो, आणि पेट्रोल पंपांवरच्या १९७३-७४ च्या रांगा इतक्या ठळक होत्या की आधीची तीन-चार वर्षं त्यांच्या सावलीत गेली.

तिसरी परिकल्पना : तेव्हा प्रत्येकाकडे होती

१९६६ मध्ये अमेरिकेत ८० लाखांहून जास्त मोटारी बनल्या. त्यात कळसाला पोचलेली जीटीओ ९७ हजार, म्हणजे शंभरात जेमतेम एक. इतर कंपन्यांच्या तशा गाड्या धरल्या तरी रस्त्यावर बहुसंख्या साध्या गाड्यांचीच होती. त्या साध्या गाड्या भंगारात गेल्या. हेमी इंजिनाची गाडी कोणी भंगारात घालत नाही, ती गॅरेजमध्ये चादर घालून ठेवतात. आज प्रदर्शनाला जाल तर बऱ्याच गाड्या मोठ्या इंजिनाच्या दिसतील, त्यातल्या कैक तर मूळच्या साध्या गाड्यांवर मागाहून चढवलेल्या नकला असतात. उरलेल्यांवरून सगळ्यांचा अंदाज बांधणं म्हणजे टिकून राहिलेल्यांचा पूर्वग्रह. किल्ल्यांवर आज दगडी तट उभे दिसतात म्हणून तिथे गवताच्या झोपड्या नव्हत्याच असं आपण म्हणत नाही.

दुसरा प्रश्न, 'प्रत्येकाकडे' म्हणजे कोणाकडे? १९७० ची डॉज चॅलेंजर ही आज स्वप्नवत मानली जाणारी गाडी डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमकमधल्या 'डॉज मेन' कारखान्यात बनायची. त्याच कारखान्यात मे १९६८ मध्ये असेंब्ली लाइनचा वेग वाढवल्यावरून कामगारांनी अचानक काम थांबवलं आणि त्यातून कृष्णवर्णीय कामगारांची 'डॉज रेव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट' उभी राहिली. म्हणजे रस्त्यावरचा वेग हे ज्या काळाचं सुख म्हणून आठवलं जातं, त्याच काळात कारखान्यातला वेग हे भांडणाचं कारण होतं. आणि त्याच्या आदल्या वर्षी, जुलै १९६७ मध्ये, डेट्रॉइट पेटलं होतं. ४३ माणसं गेली. गाड्यांच्या आठवणींत या दोन्ही गोष्टी क्वचितच येतात. तसाच रस्त्यावरच्या मृत्यूंचा आकडा. १९७२ मध्ये अमेरिकेत रस्ते अपघातांत ५४ हजारांहून जास्त माणसं मेली, त्या देशाच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा वार्षिक आकडा. हे सगळे मसल कारमुळे मेले असा त्याचा अर्थ नाही. पण ज्या रस्त्यांची आठवण येते ते रस्ते असे होते.

एखाद्या साधनात काय आहे याइतकंच काय नाही हेही वाचायचं असतं. आठवण हेही एक साधन आहे.

मग आठवणी फेकून द्यायच्या का?

अजिबात नाही. इथवर येऊन 'म्हातारी माणसं काहीही बोलतात' असा निष्कर्ष काढलात तर सगळी मेहनत वाया गेली.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्दच मुळी एका प्रबंधातून आला आहे. १६८८ मध्ये बाझल इथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं घरापासून दूर असलेल्या लोकांच्या आजाराला ग्रीक शब्द जोडून हे नाव दिलं : घरी परतणं अधिक वेदना. आपण मराठीत त्याला स्मरणरंजन म्हणतो. आपल्या शब्दात रंजन आहे, मूळ शब्दात कळ आहे. मसल कारबद्दल बोलणाऱ्यांना नुसते रंजन करून घेणारे समजलात तर त्यांची कळ तुमच्या नजरेतून सुटेल.

कळ कशाची, हे आकडेच सुचवतात. ताकदीची म्हणावी तर २०१५ ची डॉज चॅलेंजर हेलकॅट ७०७ अश्वशक्तीची होती, तीही कडक नेट मापानं. २०१८ ची टोयोटा कॅमरी ही घरगुती गाडीसुद्धा व्ही-६ इंजिनासह ३०१ अश्वशक्तीची होती, म्हणजे १९७२ च्या एलटी-१ पेक्षा सरस. ताकद परत मिळाली, तरी हुरहुर गेली नाही. याचा अर्थ हुरहुर ताकदीची नव्हती.

मानसशास्त्रात एक चांगला पडताळलेला निष्कर्ष आहे : माणसांना आयुष्यातल्या साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त येतात. १९४६ साली जन्मलेला अमेरिकन १९६४ मध्ये अठरा वर्षांचा होता. रोड रनरची सुरुवातीची किंमत २,८९६ डॉलर होती, कारखान्यात कामाला लागलेल्या पोराला हप्त्यांवर झेपेल अशी. बॉनेट उघडलं की सगळं दिसायचं आणि पान्यानं खोलता यायचं. डेट्रॉइट आणि पाँटियाक यांना जोडणाऱ्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ती संध्याकाळी फिरवता यायची. १९५० मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती, २०१० मध्ये सव्वासात लाखांच्या आत आली. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये त्याच वुडवर्डवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तिथे माणसं बघायला येतात ते नुसतं इंजिन नाही. हायस्कूल संपवून कारखान्यात लागलेल्या मुलाला जिथे नवी गाडी घेता येत होती, ते शहर बघायला येतात. हे दुःख खरं आहे. फक्त ते अश्वशक्तीच्या भाषेत बोललं जातं.

स्वेतलाना बोइम या अभ्यासिकेनं २००१ च्या 'द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया' या पुस्तकात याचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक गेलेलं पुन्हा जसंच्या तसं उभं करू पाहतो, दुसरा गेलेल्याचा विचार करत राहतो. पहिल्या प्रकाराची बाजारपेठ प्रचंड आहे. २०१४ मध्ये १९७१ ची एक हेमी कुडा कन्व्हर्टिबल लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. तशा गाड्या जेमतेम डझनभरच बनल्या होत्या. कंपन्यांनीही जुन्या वळणाच्या नव्या गाड्या काढल्या. त्यातली नवी चॅलेंजर आणि २०१० ची कमॅरो या दोन्ही कॅनडातल्या कारखान्यांत बनत होत्या, आणि २००४ मध्ये परत आलेली जीटीओ तर ऑस्ट्रेलियात. गाडी परत आली, पण ज्याची आठवण येत होती ते काम त्या गावात परत आलं नाही. २०२४ ची विजेवर चालणारी डॉज चार्जर तर व्ही-८ सारखा आवाज मुद्दाम तयार करते. पहिला प्रकार शेवटी कुठे पोचतो त्याचा हा नमुना. संशोधकाचं काम मात्र दुसऱ्या प्रकारच्या जवळचं आहे.

तुमच्या विषयासाठी

सिनॉप्सिस लिहिताना 'पूर्वी जास्त होतं, आता कमी झालं' किंवा त्याच्या उलट असलेलं प्रत्येक विधान लाल पेनानं अधोरेखित करा. मग त्यापुढे चार प्रश्न लिहा. पूर्वीचं आणि आताचं एकाच मापानं मोजलं आहे का? ज्याला कारण म्हटलं आहे ते खरंच आधी घडलं होतं का? जे उरलं आहे त्यावरूनच तर आपण बोलत नाही ना? आणि हे सांगणाऱ्याचं नेमकं काय हरवलं आहे? पहिल्या तीन प्रश्नांनी विधान तपासलं जातं, चौथ्यानं माणूस कळतो. मुलाखती घेऊन काम करणाऱ्यांनी चौथा विसरू नये आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी पहिला.

मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. आमच्याकडे उपकरण बदललं की नोंदवहीत तारखेसह लिहायची सक्ती असते. जगाच्या नोंदवहीत ते कोणी लिहून ठेवत नाही, आपल्यालाच शोधावं लागतं. जीडीपीचं आधारभूत वर्ष बदलतं, जनगणनेतली 'शहर' या शब्दाची व्याख्या बदलते, एखाद्या आजाराचा निदानाचा निकष बदलतो, आणि आलेखावर मधेच एक पायरी दिसते. ती पायरी जगात आहे की फुटपट्टीत, हे ठरवायला १९७१ सारखं एखादं वर्ष लागतं, ज्यात दोन्ही आकडे शेजारी छापलेले असतात.

तुमच्या विषयातलं ते वर्ष कुठलं, ते या आठवड्यात शोधा. मिळालं तर प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच उभं राहील.